मोहोरेला छप्पर

आमच्या घरासमोर एक घर होतं आणि त्याला कुलूप होतं. कुलपाभोवती सुती फीत गुंडाळलेली, फितीवर लाख ओतलेली, आणि लाखेवर संस्थानाची मोहोर उमटवलेली. संस्थान विलीन झालं, मध्य भारत आला नि गेला, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि इंदूरचे लोक तोंड पाडून बसले, पण ती मोहोर जागची हलली नाही. हलवणार कोण? ती माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं लावली होती.

घर काही मोठं नव्हतं. दोन खोल्या, मागे पडवी, पुढे ओटला, वर कौलं. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं अशीच, संस्थानानं आपल्या नोकरांना राहायला दिलेली. त्या घरात पागेवरचे एक कारकून एकटेच राहायचे. ना बायको, ना मूल, ना कुणी पुतण्या. ते वारले तेव्हा घर रीतीप्रमाणं सरकारजमा झालं. दुसऱ्या नोकराला मिळेपर्यंत अशा घराला मोहोर लावून ठेवायची, अशी पद्धत होती. बाबा तेव्हा संस्थानाच्या खासगी खात्यात कारकून होते आणि मोहोर लावणं हे त्यांच्याकडचं काम होतं. त्यांनी लाख वितळवली, शिक्का दाबला, घरी येऊन आंघोळ केली. पुढे कुणाला घर द्यायचं याचा हुकूम निघायचा होता. तो निघायच्या आत हुकूम काढणारेच राहिले नाहीत.

मग घराचं जे व्हायचं ते होत गेलं. वानरांनी कौलं सरकवली. मागच्या भिंतीत पिंपळ आला. लोक येता-जाता चुलीतली राख ओटल्याच्या कोपऱ्यात टाकायला लागले, राखेवर केर आला, केरावर कुत्री आली. कोपऱ्यावरच्या किराणेवाल्या काकी म्हणायच्या, "इसमें नाग रहता है, मैंने अपनी आंख से देखा." नाग होता की नाही देव जाणे, पण घुशी होत्या, त्या मी पाहिल्यात. आणि एवढं सगळं होऊनही दाराला कुणी हात लावला नाही. आमची गल्ली जुन्या दरबारी नोकरांची. मोहोर म्हटली की म्हाताऱ्यांची मान आपसूक खाली जायची.

दसऱ्याला तर कमालच. पूर्वी या लोकांना दरबारात सोनं द्यायला जायचा मान असे. दरबार बंद झाल्यावर ती आपट्याची पानं न्यायची कुठे? तर बाबांनी पहिल्या वर्षी समोरच्या घराच्या उंबऱ्यावर, मोहोरेखाली, पानं ठेवली आणि हात जोडले. पुढच्या वर्षी आणखी दोघांनी ठेवली. मग तो रिवाजच पडला. घुशींच्या बिळाशेजारी सोनं ठेवायचं आणि मग एकमेकांना भेटायचं. मी म्हणायचे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आई डोळे मोठे करायची.

उन्हाळ्यात लाख मऊ पडायची. वैशाखाच्या उन्हात मोहोरेच्या कडा ओघळायला लागल्या तेव्हा बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, तो हातोडीनं वाकवला आणि मोहोरेवर छोटं छप्पर ठोकून दिलं. ऊन लागू नये, पाऊस लागू नये. घराच्या छपराची कौलं एकेक करून खाली येत होती, आतल्या भिंती भिजत होत्या, आणि मोहोरेला छप्पर. त्या वयातही मला याचा संताप यायचा, आणि आज लिहितानाही येतो.

बाबा वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. विलीनीकरणानंतर त्यांना नव्या सरकारात घेतलं, पण खुर्ची एक पायरी खाली मिळाली. तीही त्यांनी नेकीनं सांभाळली. मग शहरात एक नवं खातं उघडलं आणि बाबांची तिथे नेमणूक झाली. शहरात जागोजागी घरं आणि प्लॉट पडून होते. कुठे मालक निपुत्रिक मेलेला, कुठे परागंदा झालेला, कुठे चार भाऊ भांडून चार गावांना गेलेले. अशा घरावरचा कर साचत साचत घराच्या किमतीपेक्षा मोठा होतो, मग ते कुणी फुकट दिलं तरी घेत नाही. घर पडतं, त्याच्या शेजारची दोन घरंही उतरणीला लागतात. हे खातं अशी घरं शोधायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, दारावर नोटीस लावायचं. कुणी हक्क सांगायला आला तर त्याचं ऐकून घ्यायचं. कुणी नाही आला तर जुना कर माफ करून घर ताब्यात घ्यायचं, केर उपसायचं, आणि ज्याला खरंच गरज आहे त्याला नाममात्र भाड्यानं द्यायचं. अट एकच, की वापर करायचा. ठरल्या मुदतीत चूल पेटली नाही, दुकान उघडलं नाही, तर घर परत.

हे काम बाबांना फार आवडलं. ते कधी नव्हे ते घरी येऊन ऑफिसच्या गोष्टी सांगायला लागले. नदीकाठी एका जुन्या सरदाराची पागा पडून होती, तिथे जुगारी बसायचे. ती बाबांनी मोकळी करून घेतली आणि गिरणीत कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी तिथे बालवाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी मी बघायला गेले होते. घोडे बांधायच्या कड्या भिंतीत तशाच होत्या आणि त्यांच्याखाली पोरं ओळीनं बसून गूळ-दाणे खात होती. बाबा दाराशी उभे होते. इतके खूश मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं.

त्या संध्याकाळी ते जेवताना म्हणाले, "घर माणसाविना राहू नये. माणसाला घर नसलं तर तो कुठेही टेकतो. घराला माणूस नसला की ते मरतंच."

समोर आत्या वाढत होती. वाढता वाढता तिचा हात थांबला, ते मला दिसलं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बेटम्याला दिली होती. नवरा गेल्यावर दिरांनी सहा महिनेही ठेवलं नाही, आणि ती एक पेटी घेऊन आमच्याकडे आली. रडत बसणाऱ्यातली नव्हती. हाताला चव होती, तिनं डबे सुरू केले. सांवेर, बेटमा, देपालपूरकडची मुलं इंदूरला कॉलेजात शिकायला यायची, खोली करून राहायची, आणि वरण-भात-पोळीसाठी जीव टाकायची. आत्याचा डबा म्हणजे त्यांना आईच. पण चूल एक आणि बायका दोन. आई म्हणायची, "वन्सं, माझं उरकू द्या, मग तुमचं. इथे दोन चुली काही मावत नाहीत." आत्या म्हणायची, "हो वहिनी," आणि परात मांडीवर घेऊन दाराशी बसून राहायची. आईचं उरकेपर्यंत मुलांची कॉलेजची वेळ व्हायची. मग आत्याची धांदल, करपलेली पोळी, आईची कुरकुर, आत्याचं भांडी आपटणं. आई दुष्ट नव्हती आणि आत्याही कमी नव्हती. एका म्यानात दोन तलवारी, दुसरं काय.

तर बाबांचं ते वाक्य आत्यानं धरून ठेवलं. तिनं कुणाला न विचारता राऊ गावाच्या बाजूच्या एका गाडीवाल्याकडून पिवळी माती मागवली. आमची माळव्याची काळी माती चुलीला चालत नाही, तडकते. मातीत भुसा घातला, शेण घातलं, पायांनी तुडवली आणि अंगणात एका जुन्या फळीवर चूल घातली. मोठी, दोन तोंडांची, बाजूला भांडं गरम ठेवायला वैल. फळीवर अशासाठी की चौघांनी उचलून गल्लीपलीकडे नेता यावी. रोज थोडं पाणी लावून हातानं घोटायची. इतकी गुळगुळीत चूल मी परत कुठे पाहिली नाही.

"ही कुठे ठेवणार, वन्सं?" आईनं विचारलं.

"समोर," आत्या म्हणाली. "दादा देईल ना. दादाचंच खातं आहे."

आईनं क्षणभर समोरच्या दाराकडे बघितलं. मी म्हटलं, तोवर इथेच पेटव की, दोन चुली झाल्या तर सगळ्यांचीच सुटका. आत्यानं मला वेड्यात काढलं. नव्या चुलीत पहिला विस्तव नव्या घरातच पडायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. तिनं चुलीवर तरट टाकलं, तरटावर पत्रा ठेवला, आणि ती बाबांपाशी गेली.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले.

मी तेव्हा शाळामास्तरणीच्या ट्रेनिंगला होते, आणि तोंड माझं आधीपासूनच सुटलेलं. मी मध्ये पडले. "का नाही? सगळ्या इंदूरची पडीक घरं शोधून काढता आणि नाकासमोरचं तुमच्या यादीत नाही?"

"त्याला मोहोर आहे."

"तुम्हीच लावली ना?"

"माझ्या हातानं लागली. ज्याच्या हुकमानं लागते त्याच्या हुकमानंच निघते."

"आणि हुकूम देणारे आहेत कुठे आता?"

बाबांनी ताटावरून हात झटकला. "लोक म्हणतील, स्वतःच्या बहिणीला घर दिलं." हे खोटं कारण होतं. लोकांची पर्वा बाबांनी कधी केली नव्हती. खरं कारण मला तेव्हाही कळत होतं. ती मोहोर निघाली की बाबांच्या आयुष्याचा तो सगळा काळ निघून जाणार होता. पगडी, दरबार, त्यांच्या सहीला असलेली किंमत. उरणार होता खालच्या खुर्चीवरचा एक कारकून. याचं मला वाईट वाटायचं, पण त्यासाठी आत्यानं जन्मभर परात मांडीवर घेऊन दाराशी का बसायचं, हे मला कुणी सांगितलं नाही.

आत्या तेवढ्यावर बसणारी नव्हती. ती मला घेऊन सरळ बाबांच्या साहेबाकडे गेली. साहेब जबलपूरकडचा, तरुण, स्वभावानं सरळ. त्यानं बाबांना बोलावलं नाही, ओरडला नाही. तो दुसऱ्या दिवशी स्वतःच सायकलवरून आमच्या गल्लीत आला. घराभोवती फिरला, मागची भिंत हातानं दाबून पाहिली आणि मोहोरेवरच्या पत्र्याखाली वाकून बघितलं.

"बाबूजी, ये सील किसकी है?"

बाबा ताठ उभे राहिले. "संस्थान की, साहब."

"संस्थान तो रहा नहीं."

"सील तो है, साहब."

साहेब हसला, पण वाईट हसला नाही. म्हणाला, "इससे आसान मकान पूरे शहर में नहीं मिलेगा. न कोई वारिस, न झगड़ा. पीछे की दीवार कमज़ोर है, पर अभी संभल जाएगी. बरसात से पहले खोल दीजिए, मरम्मत करवा के बहनजी को दे देंगे. काग़ज़ पर मैं दस्तख़त करूंगा, आप नहीं." आणि आत्याकडे वळून विचारलं, "क्या करेंगी इसमें?"

"खाना बनाऊंगी," आत्या म्हणाली. "पचीस-तीस लड़के बैठ के खाएंगे."

साहेब गेला आणि आत्यानं घरात येऊन देवापुढे साखर ठेवली. मला वाटलं, झालं, सुटलो. कशाचं काय. बाबांनी साहेबाला "जी" म्हटलं होतं, आणि बाबांचं "जी" म्हणजे काय ते साहेबाला माहीत नव्हतं.

पुढच्या सोमवारी बाबांनी पेटीतून पगडी काढली. काळा कोट घातला, पॅंटला सायकलची क्लिप लावली आणि पगडी घालून सायकलवर बसले. कुठे निघाले म्हणून आईनं विचारलं तर म्हणाले, "परवानगी आणायला." संस्थान गेलं होतं, पण महाराजांच्या उरल्यासुरल्या मालमत्तेचा कारभार बघणारी एक कचेरी होती. दोन खोल्या आणि एक बाक. तिथे जाऊन बाबा त्या घराची मोहोर काढायची परवानगी मागत होते. सरकारी नोकर, सरकारचं घर, सरकारचा हुकूम हातात, आणि हे परवानगी मागायला गेले कुणाकडे, तर ज्यांचं त्यात आता काही राहिलं नव्हतं त्यांच्याकडे. हे फक्त आमच्याच लोकांना सुचू शकतं.

तिथे त्यांना बसवून ठेवायचे. साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी या. मग पुढचा सोमवार. बाबा घरी येऊन पगडी पेटीत ठेवायचे आणि म्हणायचे, "विचार चालू आहे." उन्हाळा गेला. आत्या रोज संध्याकाळी अंगणातला पत्रा उचलून चूल बघायची, एखादी भेग दिसली की मातीचं बोट फिरवायची आणि परत झाकायची. ज्येष्ठात पहिल्या सरी आल्या. ऑफिसातल्या साहेबानं एकदा विचारलं, बाबांनी "हो रहा है" म्हणून सांगितलं. त्याच्यापुढे शहरभरची घरं होती, तो विसरला.

आषाढात एकदा आत्यानं बाबांना ओटल्यावर गाठलं. मी दारात तांदूळ निवडत होते.

"दादा, किती दिवस?"

"मोहोर अशी तोडता येत नाही. त्याला एक रीत असते."

"मोहोरेला भूक लागत नाही, दादा. मला लागते."

"इथे काय उपाशी ठेवलंय तुला?"

"नाही ठेवलं," आत्या म्हणाली. "पण तुझ्या बायकोनं तवा उतरवला की माझा चढतो. मी म्हातारी होईपर्यंत तेच चालणार का, एवढंच सांग."

बाबा म्हणाले, "होईल." आणि त्यांना ते खरंच वाटत होतं, हीच तर रडायची गोष्ट. ते तिला फसवत नव्हते. त्यांना दोन्ही हवं होतं, बहिणीला घर आणि मोहोरेचा मान. पाऊस काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

भाद्रपदात, दुपारच्या जेवणानंतर, समोरून धप्प असा आवाज आला. फार मोठा नाही. ओली भिंत पडते तेव्हा धूळही उडत नाही. आम्ही बाहेर आलो तर समोर काहीच बदललेलं दिसेना. दार, कुलूप, पत्रा, मोहोर, सगळं जागच्या जागी. मागच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं तेव्हा आम्ही वळसा घालून गेलो. मागची भिंत पिंपळासकट बसली होती, तिच्याबरोबर अर्धं छप्पर खाली आलं होतं आणि मधल्या भिंतीला वरून खालपर्यंत तडा गेला होता. आत्या चिखलात उभी राहून बघत राहिली. मी तिचा हात धरून तिला घरी आणलं.

पुढच्या सोमवारी बाबांना ताप होता तरी ते निघाले. आईनं मला बरोबर पाठवलं. त्या दिवशी कचेरीतले गृहस्थ भेटले. ते पूर्वी बाबांच्या हाताखाली होते, तेव्हा ते बाबांना पाहून उठून उभे राहायचे, आता त्यांनी खुर्ची दाखवली. बाबांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घर कुठलं, मोहोर कधी लागली, कुणाच्या हुकमानं.

ते म्हणाले, "असं कुठलं घर आमच्याकडे नाही हो. विलीनीकरणात जे गेलं ते गेलं. आम्ही समजलो तुमचं काही पेन्शनचं काम असेल, म्हणून थांबवत होतो. मोहोरेचं काय विचारता, तोडून टाका की. चहा घेणार?"

बाबांनी चहा घेतला नाही. परत येताना ते सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत राहिले. पगडी भिजून जड झाली होती. मग म्हणाले, "त्याला लाख वितळवायला मीच शिकवलं होतं." मला त्यांचा राग आला होता, आणि इतकी कीवही आली होती की त्यांच्या डोक्यावरची पगडी काढून मी माझ्या पदराखाली धरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आंघोळ केली आणि मोहोर काढायला गेले. गल्लीतले म्हातारे जमले. बाबांनी पत्र्याचं छप्पर उचकटलं, मोहोरेला हात जोडले, चाकूनं लाख खरवडली, फीत सोडवून घडी केली आणि खिशात ठेवली. इतक्यात किराणेवाल्या काकी म्हणाल्या, "बाबूजी, पीछे से तो मेरी बकरी कब की अंदर घुस गई." दोन-तीन जण हसले. वरातीमागून घोडं, कुणीतरी पुटपुटलंही. बाबांनी कुलूप काढून दार ढकललं, तर पलीकडे मागची गल्ली दिसली आणि वर आभाळ.

साहेब आला. त्यानं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. आत्याला म्हणाला, "बहनजी, मकान खड़ा होता तो आज ही चाबी दे देता. अब ये मकान नहीं, ज़मीन है. मकान किराए से दे सकता हूं, ज़मीन का नीलाम करना पड़ता है. नियम है." दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म भावाचं होतं आणि गेलं बहिणीचं.

आज तिथे पिठाची चक्की आहे. उज्जैनकडच्या एका माणसानं लिलावात जागा घेतली आणि वर्षभरात पट्टा फिरायला लागला. ओटला साफ झाला, राख आणि घुशी गेल्या, संध्याकाळी दिवा दिसायला लागला. गल्लीतल्या बायकांची लांब जायची पायपीट वाचली. खात्याच्या दृष्टीनं ते काम उत्तम झालं, आणि खोटं कशाला बोलू, झालंच. आत्याही डब्यांचे गहू तिथेच दळायला टाकायची. फक्त ती रांगेत उभी राहायची नाही. डबा ठेवून घरी यायची आणि मला आणायला पाठवायची.

पण हे नंतरचं. लिलावाचं कळलं त्याच आठवड्यात नवरात्र बसलं आणि हस्ताचा पाऊस लागला. हस्त कसा पडतो ते सांगायला नको, हत्तीच्या सोंडेनं ओतल्यासारखा. सकाळी मी दारात उभी होते. आत्या अंगणात गेली, तिनं चुलीवरचा पत्रा काढून भिंतीला टेकवला, तरट काढून दोरीवर टाकलं, आणि ओटल्यावर येऊन बसली.

आई आतून बघत होती. ती हातातलं पीठ तसंच घेऊन पावसात धावली, तरट ओढलं आणि चुलीवर टाकायला लागली. "वन्सं, अहो, काय करता हे? राहू द्या, कामाला येईल."

"कुठे, वहिनी?" आत्या म्हणाली. "इथे दोन चुली मावत नाहीत, तुम्हीच म्हणता ना."

आई तरट हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं दोघी त्या एका चुलीवरून भांडल्या, पण त्या दिवशी रडली ती आईच. चुलीला कधी विस्तव लागला नव्हता, ती भाजलेली नव्हती. आधी कडा गेल्या, मग वैल बसला, मग दोन्ही तोंडं एक झाली. दुपारपर्यंत फळीवर पिवळ्या चिखलाचा ढीग उरला.

बाबा खोलीत होते. खिडकी अंगणाकडे होती. ते बाहेर आले नाहीत.

दसऱ्याला ऊन पडलं. बाबा रिवाजाप्रमाणं आपट्याची फांदी घेऊन आले. पगडी घातली नव्हती. दारात थांबून त्यांनी समोर पाहिलं. लिलावासाठी खात्याच्या माणसांनी चौकट काढून नेली होती, उंबरा उखडला होता, विटांचे ढिगारे होते. पानं ठेवायला जागा नव्हती. ते कितीतरी वेळ फांदी हातात घेऊन उभे राहिले. मग वळले, अंगणात आले, आणि त्या पिवळ्या मातीच्या ढिगापाशी वाकून त्यांनी दोन पानं ठेवली. हात जोडले.

आत्या मागे उभी होती. तिनं विचारलं, "दादा, हे कुणाच्या परवानगीनं?"

आवाज चढवून नाही. जेवायला काय करू विचारावं, तसं. बाबांचे जोडलेले हात खाली आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर बाबा सतरा-अठरा वर्षं जगले, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तिला दिलं नाही आणि तिनंही परत विचारलं नाही.

आत्यानं फावडं आणलं. पानांसकट माती घमेल्यात भरली आणि परसात पपईच्या बुंध्याशी ओतली. फळी धुऊन उन्हात लावली. मग हात धुतले, परात मांडीवर घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसली. आत आईच्या पोळ्या अजून व्हायच्या होत्या.